२४० मिनिटांत दहा जण बसवायचे कसे?

पेन्सिलवाला

बास्केटबॉलची मॅच बघताना माझ्या शेजारी एक वही असते. दहा ओळी, अठ्ठेचाळीस रकाने. एक रकाना म्हणजे एक मिनिट. जो कोर्टवर आहे त्याच्या ओळीतला रकाना पेन्सिलने काळा करत जायचं. मॅच संपली की ते पान स्वेटरच्या नमुन्यासारखं दिसतं. घरच्यांनी नाद सोडलाय.

संघ डेन्व्हर नगेट्स, अमेरिकेतल्या एनबीए लीगमधला. त्यांच्या योकिचमुळे बघायला लागलो आणि आता सुटत नाही. पण बघताना मला सगळ्यात जास्त छळतं ते स्कोअर नव्हे, तर कोण किती वेळ खेळलं हे. एकाच वेळी पाच जण, ४८ मिनिटं, म्हणजे वाटायला एकूण २४० मिनिटं. नेहमीच्या करारावरचे खेळाडू पंधरा. एवढंसं गणित, पण त्यावरून माणसांच्या नोकऱ्या जातात. ८ एप्रिल २०२५ ला, नियमित सीझनच्या फक्त तीन मॅच उरल्या असताना, डेन्व्हरने कोच मायकल मलोन आणि जनरल मॅनेजर कॅल्विन बूथ या दोघांनाही एकाच दिवशी काढलं. कारणं बरीच असतील, पण तरुण पोरांना किती खेळवायचं यावरून दोघांचं बिनसलं होतं असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. मॅनेजरने पोरं निवडायची आणि कोचने ती बाकावर बसवायची.

म्हटलं, आपणच वाटून बघू. सुरुवातीच्या पाचांना ३४, ३४, ३४, ३२, ३२. झाले १६६. मग चार राखीव: २०, १८, १६, १२. झाले २३२. उरलेली ८ दहाव्याला. बेरीज चोख! मग तेच आकडे रकान्यांत भरायला बसलो आणि सगळं फिसकटलं. योकिचला ३४ आणि त्याच्या जागी येणाऱ्या सेंटरला (रिंगजवळ खेळणारा उंच गडी) १६ दिली होती, म्हणजे दोन मिनिटं कोर्टवर दोन सेंटर. दुसऱ्या क्वार्टरमध्ये (बारा मिनिटांचा एक, असे चार) योकिच आणि आमचा दुसरा मोठा गडी मरे, दोघेही एकदम बाहेर, ते चांगली सहा मिनिटं. एका बिचाऱ्याची १२ मिनिटं चार तुकड्यांत आली, तीन-तीन मिनिटांची. खोडरबर झिजलं.

तर जाणकारांना विचारतो. खरे कोच आधी आकडे ठरवतात का? आठ खेळवावेत की दहा? आणि एक जुनं दुखणं: चौथा क्वार्टर सुरू होतो, मॅच दोन-चार गुणांवर असते, आणि योकिच टॉवेल गुंडाळून बसलेला असतो. हे कशासाठी? तेवढी पाच-सहा मिनिटं माझा रक्तदाब कोणी मोजू नये.

आठगडी

आठ. विषय संपला.

२०२३ चं विजेतेपद तुमच्याच संघाने जिंकलं ना? मरे, कॅल्डवेल-पोप, पोर्टर, गॉर्डन, योकिच. बाकावरून ब्रूस ब्राउन, ब्रॉन, जेफ ग्रीन. मोजा, आठच भरतात. प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, नववा माणूस म्हणजे पाण्याची बाटली पुढे करणारा.

बाकावरचा

पेन्सिलवाले, तुमची वही बघायला आवडेल. मी सात वर्षं एका व्यावसायिक संघाच्या बाकाच्या टोकाला बसून हेच काम पगारावर केलं. संघाचं नाव राहू दे. आमच्या लीगमध्ये मॅच ४० मिनिटांची, म्हणजे वाटायला २००च. त्यामुळे आमच्याकडे रडारड चाळीस मिनिटांनी जास्त.

तुमची चूक बेरजेत नाही, सुरुवात कुठून केली त्यात आहे. तुम्ही 'कोणाला किती' इथून निघालात. मी ज्या कोचबरोबर सगळ्यात जास्त काळ काढला तो कागदावर सर्वांत आधी शेवटचे दोन रकाने भरायचा. मॅच दोन गुणांवर असेल तर शेवटी कोणते पाच उभे हवेत? ते पाच आणि सुरुवातीचे पाच एकच असतात असं नाही. ते ठरलं की मागे मागे यायचं. शेवटी ताजा हवा, तर त्याला आधी कधीतरी बसवायलाच लागेल. कधी बसवला तर सगळ्यात कमी नुकसान होईल? तुमच्या रक्तदाबाचं उत्तर इथेच आहे.

जरा सविस्तर लिहितो, कारण टीव्हीवर हे नीट कळत नाही. योकिचचा जुना साचा तुमच्या वहीत दिसेलच: पहिला क्वार्टर पूर्ण, दुसऱ्याच्या सुरुवातीला बाहेर, मग मध्यंतरापर्यंत आत, आणि दुसऱ्या अर्धात पुन्हा तेच. १२ अधिक ६, दोनदा, ३६ झाली. आता तो क्वार्टरच्या मधेच का नाही बसत? कारण घड्याळातली मिनिटं वेगळी आणि दम खायला मिळालेली मिनिटं वेगळी. क्वार्टर संपला की मधला ब्रेक फुकट मिळतो. त्यात एनबीएमध्ये प्रत्येक क्वार्टरला दोन सक्तीचे टाइमआउट असतात, साधारण सात मिनिटांच्या खाली घड्याळ गेलं की एक आणि तीन मिनिटांच्या खाली गेलं की दुसरा. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी बसलेला माणूस चौथ्यातल्या त्या पहिल्या सक्तीच्या टाइमआउटनंतर उठला, तर घड्याळात तो पाच-सहा मिनिटंच बाहेर असतो. पण खुर्चीत बसलाय त्याच्या दुप्पट वेळ. फ्री थ्रो, शिट्ट्या, रेफरींचं व्हिडिओ बघणं, सगळं त्याच्या खात्यात जमा. हीच सहा मिनिटं क्वार्टरच्या मधे दिली तर एवढी विश्रांती मिळत नाही.

आणखी एक. बदली खेळाडू स्कोअररच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला म्हणून आत जात नाही, खेळ थांबावा लागतो. आमचा एक फॉरवर्ड दोन मिनिटं चाळीस सेकंद टेबलापाशी उकिडवा बसून राहिला होता, शिट्टीच वाजेना. तुमच्या एक-एक मिनिटाच्या रकान्यांत हे कसं बसणार?

दुसरा मुद्दा तुमच्या 'योकिच आणि मरे एकदम बाहेर' या भोकाचा. योकिच ३६ खेळला म्हणजे उरली १२. डेन्व्हरचा खरा प्रश्न २४० मिनिटांचा नाहीच, या १२ मिनिटांचा आहे. त्या वेळात चेंडू कोणाच्या हातात? पाचही राखीव एकदम उतरवले की आघाडी कशी वितळते ते तुम्ही वहीत टिपलं असेलच. म्हणून दोन मोठे खेळाडू असतील तर त्यांच्या विश्रांतीच्या वेळा एकमेकांवर येऊ द्यायच्या नाहीत. ह्यूस्टनने २०१७-१८ ला हार्डन आणि क्रिस पॉल यांचं हेच केलं. एक बसला की दुसरा आत, आणि ६५ मॅच जिंकल्या. दोघंही बॉल हातात ठेवणारे, तरी भांडण झालं नाही, कारण प्रत्येकाला रोज थोडा वेळ एकट्याचं राज्य मिळायचं.

आता तो १२ मिनिटं चार तुकड्यांत मिळालेला बिचारा. त्याच्यावर मला जास्त बोलायचंय.

आमच्याकडे एक कोच आला, मनाचा फार मऊ. सीझनच्या आधी त्याने अकरा जणांना वेगवेगळं बोलावून सांगितलं की तू माझ्या रोटेशनमध्ये, म्हणजे रोज खेळणाऱ्यांत, आहेस. आणि दिलेला शब्द पाळला, हीच पंचाईत. दर तीन मिनिटांनी कोणीतरी उठतंय, कोणीतरी बसतंय. माझं पान इतकं ठिपक्याठिपक्यांचं झालं होतं की जणू गोवर आलाय. पहिल्या दहा मॅचमध्ये आमचे नेम धरून मारणारे दोघे गडी पार थंड पडले. त्यातला एकजण मला बसमध्ये म्हणाला की मी रिंगकडे बघतच नाही, टेबलाकडे बघतो, माझ्या जागी कोण उभा राहिलाय का ते. पहिला शॉट चुकला की त्याची मान आपोआप बाकाकडे वळायची. खेळाडूला असं झालं की त्याला दहा द्या नाही तर वीस द्या, ती मिनिटं वायाच.

डिसेंबरमध्ये त्या कोचने एक गोष्ट बदलली. आकडे नाही बदलले. आठव्या गड्याला सरासरी १४ मिळत होती, पुढेही १४च मिळाली. फक्त त्याला सांगून ठेवलं: पहिल्या क्वार्टरची चार मिनिटं उरली की तू कॅप्टनबरोबर आत जाणार आणि दुसऱ्याच्या मध्यापर्यंत राहणार, दोन शॉट चुकले तरी. पाच मिनिटं उरली की तो स्वतःच उठून गुडघे हलवायला लागायचा. कुरकुर बंद. एजंटचे फोन बंद. दहाव्या-अकराव्याला मात्र त्याने स्पष्ट सांगितलं की तुमचं रोज ठरलेलं नाही, समोरचा संघ बघून. ते आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत, मग बोलायला लागले.

म्हणून आठ की दहा याचं माझं उत्तर: ठरलेल्या वेळेचे नऊ, आणि एक मॅच बघून. आठगडी यांना मी मानतो, पण ते आठवण अर्धीच ठेवतात. त्याच उन्हाळ्यात ब्रूस ब्राउन आणि जेफ ग्रीन गेले, पुढच्या वर्षी कॅल्डवेल-पोप गेला. आठातले तीन गेले आणि मागे जी पोरं होती त्यांना मोठ्या मॅचची सवयच नव्हती. बूथ यांची तक्रार त्या बाबतीत खोटी नव्हती. मलोनचीही नव्हती म्हणा. आज हरलो तर उद्या कोचला विचारतात, मॅनेजरला नाही.

आणि ज्यांना वाटतं की थोडी थोडी मिनिटं वाटून मोठं काही जिंकता येत नाही, त्यांच्यासाठी २०१३-१४ चा सॅन अँटोनिओ स्पर्स हा संघ. एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांवर नाही. टोनी पार्कर सगळ्यात वर, २९.४. त्यांनी ६२ मॅच जिंकल्या आणि फायनलमध्ये मायामीला ४-१ ने लोळवलं. फक्त एक लक्षात घ्या, त्या संघात डंकन, पार्कर आणि जिनोबिली दहा-बारा वर्षं एकत्र होते. एवढा मोठा जिनोबिली बाकावरून यायचा आणि तोंड वाकडं करायचा नाही. त्याला बघून दहाव्या गड्याची काय बिशाद कुरकुरायची?

आठगडी

निबंध छान. तरी आठच.

पण एक कबूल करतो. २०२५ च्या प्लेऑफमध्ये ओक्लाहोमाविरुद्धच्या सहाव्या मॅचमध्ये तुमचा तो स्ट्रॉदर कुठून उगवला देव जाणे. सिरीजभर जवळपास खुर्चीवर होता आणि दुसऱ्या अर्धात येऊन मॅच फिरवून गेला. मी त्याला धरून नऊ मोजायला तयार आहे. त्याच्या पुढे एक इंच नाही.

गुडघेदुखी

मी खेळाडूंची फिजिओ होते, त्यामुळे मला वहीतले काळे रकाने सगळे एका रंगाचे दिसत नाहीत. स्क्रीनमागून स्क्रीन (वाट अडवून उभा गडी) चुकवत समोरच्या गार्डच्या मागे धावणाऱ्याची ३० मिनिटं आणि कोपऱ्यात उभं राहून पासची वाट बघणाऱ्याची ३० मिनिटं, सकाळी तपासणीच्या टेबलावर झोपवलं की फरक हाताला कळतो. कोच मंडळी आकडा धरून बसतात, कारण आकडा वर्तमानपत्रात येतो.

लागोपाठच्या दोन रात्री मॅच असेल तर माझं एकच मागणं असायचं: पहिल्या रात्री वीस गुणांनी पुढे असाल तर शेवटची सहा मिनिटं बाकावरच्यांना द्या. त्यावर कोणाचाच विरोध नसतो. आणि दर वेळी समोरचा संघ दोन थ्री (तीन गुणांचे शॉट) मारतो, वीसचे चौदा होतात आणि कोच मोठ्या गड्याला परत उठवतो. अंगावरचं जॅकेट काढून थंड पाय घेऊन आत जायचं. मला यापेक्षा जास्त धडकी कशाचीच भरत नसे.

इथे कोणीतरी शिकागोच्या डेरिक रोझचा विषय काढणारच, म्हणून मीच काढते. २८ एप्रिल २०१२, प्लेऑफची पहिलीच मॅच, शिकागो १२ गुणांनी पुढे, १ मिनिट २२ सेकंद बाकी, आणि त्याचा गुडघा गेला. तेव्हापासून लोक कोच थिबोडो यांना त्यासाठी धरतात. मी धरत नाही. ते लिगामेंट पहिल्या मिनिटालाही तुटू शकतं, आणि प्लेऑफमध्ये दीड मिनिटात १२ गुण जाताना मी पाहिलेत. पण तो त्या क्षणी कोर्टवर होता ही निवड होती, एवढं म्हणायचा हक्क लोकांना आहेच. थिबोडोंच्याच हाताखाली लुओल डेंग सलग दोन सीझन लीगमध्ये सरासरी सगळ्यात जास्त मिनिटं खेळला. ते मात्र मला माफ करता येत नाही.

याच्या उलट टोक म्हणजे स्पर्सचे कोच पॉपोविच. मार्च २०१२ मध्ये एका मॅचच्या नोंदीत डंकन न खेळण्याचं कारण 'म्हातारा' असं छापून आलं, मी तो कागद डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत बघितला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि डॅनी ग्रीनला मायामीच्या मॅचआधी सरळ घरी पाठवून दिलं आणि लीगने स्पर्सना अडीच लाख डॉलरचा दंड ठोकला. टीव्हीवर दाखवायची मॅच ना ती! आता तर २०२३-२४ पासून मोठ्या पुरस्कारांसाठी ६५ मॅच लागतात, आणि मॅच मोजली जायला साधारणपणे निदान २० मिनिटं खेळावं लागतं. म्हणजे दुखऱ्या पायाच्या माणसाला १८ मिनिटांवर बाहेर काढताना आता कोच, मी, एजंट आणि तो स्वतः, चौघंही घड्याळाकडे बघणार.

शिट्टीमास्तर

तुमच्या सगळ्यांच्या कागदात फाउल कुठेच नाहीत. मी रेफरी होतो. पहिल्या क्वार्टरमध्ये मोठ्या गड्याला दुसरा फाउल दिला की कोच माझ्याकडे असं बघायचा की मी त्याचं घर जाळलंय, आणि मग स्वतःच त्या गड्याला मध्यंतरापर्यंत बसवायचा. एनबीएमध्ये सहाव्या फाउलला बाहेर जातात. दोन झाले, चार शिल्लक. पुढे खेळाडू बाद होऊन मिनिटं जातील या भीतीने आत्ताच दहा मिनिटं घालवायची! मी ज्यांना असं बसवलेलं पाहिलं त्यातले कितीतरी जण मॅच संपताना तीन-चार फाउलवरच होते. ती दहा मिनिटं कोणी परत दिली नाहीत.

बाकावरचा

मास्तर, अर्धं मान्य. पण दोन फाउल झालेला सेंटर रिंगजवळ हात वर करायलाच घाबरतो. तो नावाला कोर्टवर असतो आणि समोरचे त्याच्यावरूनच आत घुसतात. मिनिटं वाचली, बचाव गेला. आमचा कोच खेळाडू बघून ठरवायचा. दोघांना तो पाच फाउलवरही सोडून द्यायचा, एकाला दुसऱ्यालाच ओढायचा. तो एक म्हणजे रागीट होता, तिसरा फाउल पुढच्याच मिनिटाला ठरलेला.

पेन्सिलवाला

सगळ्यांचे आभार. रात्री बसून नवा कागद केला, शेवटून.

शेवटचे पाच रकाने आधी भरले. मग योकिचचे सहा-सहाचे दोन खड्डे आखले आणि दोन्हींत मरेला टाकला. त्यामुळे मरेची विश्रांती पहिल्या आणि तिसऱ्याच्या शेवटाकडे सरकली, तो बसतो तेव्हा योकिच आत. दोघांना ३६. बाकीच्या तिघांना ३४, ३२, ३०. राखीव सेंटरला १२, तीही दोनच तुकड्यांत आणि दोन्ही वेळा मरेबरोबर. उरलेल्या राखीवांना २६, २० आणि १०. शेवटची ४ मिनिटं कोणाच्या नावावर नाहीत, तिथे फिक्या पेन्सिलने तुटक रेघ काढली आहे आणि समोर लिहिलंय 'मॅच बघून'. आठगडी, मोजून नऊ आहेत. तुटक रेघ तुम्ही धरू नका.

२६वाल्याबद्दल मात्र मन खात होतं. पाचव्या गड्याला ३० आणि याला २६, म्हणजे हा जवळजवळ पाचातलाच, तरी सुरुवातीच्या पाचांसाठी टाळ्या वाजतात तेव्हा हा खुर्चीत. मग इग्वोडाला आठवला. गोल्डन स्टेटने २०१४-१५ ला त्याला बाकावर बसवलं, त्याआधी तो ७५८ मॅच खेळला होता आणि सगळ्यांत सुरुवातीपासून. त्या पूर्ण नियमित सीझनमध्ये एकदाही सुरुवातीला नाही. फायनलमध्ये २-१ ने मागे असताना चौथ्या मॅचला त्याला पाचात घेतलं, ती धरून पुढच्या तिन्ही जिंकल्या आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच. तेव्हा माझ्या २६वाल्याने आता गप्प खेळावं.

एक राहिलंच. ओव्हरटाइम. पाच मिनिटं म्हणजे अचानक २५ मिनिटं जास्त, आणि माझे रकाने ४८ला संपतात. १९६१-६२ ला चेंबरलेनची सरासरी ४८.५ होती, सीझनभरात तो जेमतेम आठ मिनिटं बाहेर बसला. त्याच्यासाठी मला वहीला कागद चिकटवायला लागला असता. ही २५ कोणाला द्यायची? शेवटचे पाच तर ठरवूनच ठेवलेत, पण ते तेव्हा पस्तीसेक मिनिटं खेळून झालेले असणार.

बाकावरचा

तेव्हा कोच माझ्याकडे कागद मागायचाच नाही. तो मला विचारायचा, वाकलंय कोण? फ्री थ्रोच्या वेळी जो कंबरेत वाकून शॉर्ट्सचे काठ धरून उभा दिसेल तो बाहेर, मग तो कोणीही असो. एकदा कॅप्टनच वाकला होता. मी सांगितलं नाही.

गुडघेदुखी

आणि दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर आला असणार.

बाकावरचा

आला. तीन आठवडे.